सिद्दी कोणी साकारायचा?

तापी जिथे खंबातच्या आखाताला मिळते, तिथे हजीरा आहे. आज हे नाव घेतलं की पोलादाचा प्रचंड कारखाना, खताचे आणि वायूचे प्रकल्प, बंदर आणि घोघ्याला जाणारी रो-पॅक्स फेरी आठवते. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेला आलेल्या मराठी कुटुंबांना हा भाग चांगलाच परिचयाचा. धुळे, जळगाव, अकोला करत नागपूरला आणि पुढे थेट ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 हजिऱ्यातूनच सुरू होतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथली वर्दळ समुद्राकडून येत असे. तापीचं मुख गाळाने उथळ झालेलं, त्यामुळे मोठी जहाजं शेजारच्या सुवालीला नांगर टाकत आणि तिथून माल सुरतेला जाई. याच पाण्यात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमारही वावरत असे. 1670 नंतर सिद्दींनी औरंगजेबाची चाकरी पत्करली. त्यांच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या महसुलातून निघू लागला आणि सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांची राखण त्यांच्याकडे आली. पुढे सुरतेचा किल्लाही सिद्दींच्या ताब्यात गेला. 1759 मध्ये इंग्रजांनी तो घेतला.

सिद्दी हे पूर्व आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज. मराठी प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेला काळा माणूस बहुधा हाच असतो, जंजिऱ्याचा नाहीतर पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी. अमेरिकेत काळी पात्रं कोणी लिहायची, कोणी करायची आणि त्यातलं ‘खरं’ काय, यावर गेली सत्तर वर्षं कडाक्याचे वाद झाले आहेत. आपल्याकडे हा प्रश्न परका मानला जातो, पण तो परका मुळीच नाही.

हजिऱ्याहून निघालेला महामार्ग सुरतेच्या दक्षिणेला सचिनजवळून जातो. सचिन म्हणजे आज औद्योगिक वसाहत. पण 1791 पासून स्वातंत्र्यापर्यंत ते एक संस्थान होतं आणि त्याचे नवाब सिद्दी होते. जंजिऱ्याच्या गादीवरून भाऊबंदकी झाली, सिद्दी अब्दुल करीम खान पुण्याच्या आश्रयाला आला. जंजिऱ्यावरचा आपला हक्क त्याने पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सचिनचा मुलूख घेतला. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकली जाणारी ही गोष्ट सिनेमाच्या इतिहासात मात्र मोठी ठरते. ‘बुलबुले परिस्तान’ हा चित्रपट 1926 मध्ये दिग्दर्शित करणाऱ्या फातिमा बेगम या भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक. त्यांचं नाव सचिनचे नवाब सिद्दी इब्राहिम मोहम्मद याकूत खान यांच्याशी जोडलं जातं. विवाहाची अधिकृत नोंद नाही, पण फातिमा बेगम यांच्या सुलताना, झुबेदा आणि शहजादी या तिन्ही मुली नवाबाच्या मानल्या जातात. यातली झुबेदा 1911 मध्ये सुरतेत जन्मली, आणि 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’ची, म्हणजे भारतातल्या पहिल्या बोलपटाची, ती नायिका होती. समोर नायक मास्टर विठ्ठल.

हे नातं खरं धरलं तर भारतीय पडद्यावर पहिल्यांदा बोललेली नायिका सिद्दी बापाची लेक ठरते. झुबेदाच्या चेहऱ्यात कोणी आफ्रिका शोधली नाही, तिला हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाची, पात्रंही दिली नाहीत. तीनशे वर्षांत सिद्दी घराणी इथल्या घराण्यांत मिसळली होती. ‘सिद्दी म्हणजे काळाकभिन्न, धिप्पाड, लाल डोळ्यांचा’ हे जे चित्र पडद्याने पक्कं केलं, त्यात सचिनच्या नवाबाचं कुटुंब बसतच नाही.

त्या चित्राची सुरुवात पडद्याच्याही आधीची आहे. मलिक अंबरला मराठी मुलं चौथी-पाचवीपासून ओळखतात. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि शेवटी निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा माणूस. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. गनिमी काव्याने त्याने जहांगिराच्या फौजा वर्षानुवर्षं थोपवून धरल्या. मालोजी आणि शहाजी राजे याच निजामशाहीत वाढले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजी राजे अंबरच्या बाजूने लढले. जहांगिराला हा शत्रू रणांगणावर काही सापडला नाही. तेव्हा 1616 च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने बादशहाला हवं ते कागदावर करून दाखवलं: भाल्यावर खोचलेलं अंबरचं काळं मस्तक आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर. त्याच काळात हाशिम या चित्रकाराने काढलेला अंबर मात्र एक वयस्क, शांत, पांढऱ्या वस्त्रांतला मुत्सद्दी आहे. रंग दोन्ही चित्रांत काळाच आहे. पहिल्यात तो शिवी म्हणून वापरलेला आहे, दुसऱ्यात तो एका माणसाचा रंग आहे.

मराठी ऐतिहासिक मालिका आणि चित्रपट यांतला सिद्दी बहुतेक वेळा पहिल्या चित्राच्या वंशातला असतो. पावनखिंडीच्या कथेत सिद्दी जौहर आणि सिद्दी मसूद येतात, संभाजी महाराजांच्या कथेत जंजिऱ्याचा सिद्दी येतो. ही माणसं स्वराज्याच्या विरोधात होती, तेव्हा ती खलनायक असणार, यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढचं. स्वराज्याच्या बाजूचे सिद्दी कथेच्या कडेला राहतात. अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी जे निवडक दहा अंगरक्षक घेतले त्यांत सिद्दी इब्राहिमचं नाव आहे. स्वराज्याच्या आरमारात दौलतखानाच्या जोडीला सिद्दी मिस्री आहे, तो तर जंजिऱ्याच्याच घराण्यातला. आणि 1660 मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो गेला तो सिद्दी हिलाल. त्याचा तरणा मुलगा वाहवाह त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे पन्हाळ्याखाली वेढा घालणारा सिद्दी होता आणि वेढा मोडायला धावलेलाही सिद्दी होता. इतिहासाने इतका नाट्यमय प्रसंग आयता दिलेला असताना प्रेक्षकाच्या लक्षात फक्त जौहर राहतो.

भाषेचंही तेच. पडद्यावरचा सिद्दी मोडकी मराठी आणि भारदस्त उर्दू यांच्या मिश्रणात गरजतो. विजापूरचा सरदार, दिल्लीचा सुभेदार आणि जंजिऱ्याचा किल्लेदार सगळे एकाच सुरात बोलतात. वास्तविक निजामशाहीतला गावपातळीचा महसुली कारभार मराठी कागदांतून चाले. दख्खनमध्ये पिढ्या काढलेल्या हबशी सरदारांना मराठी परकी नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावर अनेक पिढ्या राज्य केलेला सिद्दी कोकणी रयतेशी कोणत्या बोलीत बोलत असेल, याचा विचार संवाद लिहिताना व्हायला हवा.

आणि मग भूमिका कोण करतं? दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’ (2022) मध्ये सिद्दी जौहर समीर धर्माधिकारी यांनी केला, सिद्दी मसूद आस्ताद काळे यांनी. दोघेही कसलेले नट. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण ही प्रथा फार जुनी आहे आणि ती एकट्या मराठीचीही नाही. कमाल अमरोहींच्या ‘रझिया सुलतान’ (1983) मध्ये हबशी याकूत झाला धर्मेंद्र, चेहऱ्याला काळपट रंग लावून. त्याआधी ‘इंतकाम’ (1969) मधल्या हेलनच्या गाजलेल्या नृत्यात पिंजऱ्यात कोंडलेला एक पुरुष आहे, अंगभर काळा रंग फासलेला. त्याला नाव नाही, संवाद नाही. नाचणारी गोरी आणि पिंजऱ्यातलं जनावर काळं, एवढंच सांगण्यासाठी तो तिथे आहे.

हा रंगाचा डबा मराठी घराघरांत रोज संध्याकाळी उघडला जात होता, तोही अगदी अलीकडे. स्टार प्रवाहवर 2019 ते 2023 चाललेली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या मुलीच्या अवहेलनेवर होती. विषय मोलाचा, ‘काळी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या कितीतरी मुली प्रत्येक नात्यागोत्यात आहेत. नायिका दीपाची भूमिका रेश्मा शिंदे यांनी केली, आणि त्यासाठी त्यांची त्वचा मेकअपने गडद करण्यात आली. मूळ मल्याळम ‘करुतमुत्तु’ आणि तिची तेलुगू आवृत्ती ‘कार्तिक दीपम’ यांचा हा मराठी अवतार. सावळ्या मुलींना नाकारणाऱ्या समाजावर टीका करणाऱ्या मालिकेने सावळ्या अभिनेत्रीला तरी संधी द्यायची, असा आक्षेप तेव्हा अनेकांनी घेतला आणि तो रास्त होता. दीपा आफ्रिकी वंशाची नाही, तिचा प्रश्न वंशाचा नसून वर्णाचा आहे. तरी सिद्दीच्या भूमिकेमागची समजूत आणि दीपाच्या भूमिकेमागची समजूत एकच आहे. काळेपण ही वरून लावायची आणि रात्री पुसून टाकायची वस्तू आहे, ही ती समजूत.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण त्या लोकांनी या वाटेवरचे बहुतेक खड्डे आधीच पाहिले आहेत.

1928 मध्ये सुरू झालेल्या ‘एमॉस एन अँडी’ या रेडिओ मालिकेतली दोन काळी पात्रं फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट आवाज बदलून करत. 1951 मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा आवाजाची लबाडी चालणार नव्हती, म्हणून सगळे नट काळे घेतले. प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने मालिकेविरुद्ध आघाडी उघडली, कारण नट खरे असले तरी पात्रं तीच होती: आळशी, लबाड, बावळट. 1953 मध्ये मालिकेचं चित्रीकरण थांबलं. सिद्दीच्या भूमिकेत सिद्दी नट घेतला की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

त्यानंतरचा वाद आणखी खोल गेला. ‘गुड टाइम्स’ (1974) ही शिकागोच्या गरीब वस्तीतल्या काळ्या कुटुंबाची मालिका. आईबाप कष्टाळू, मुलं हुशार. पण थोरला मुलगा जे.जे. याच्या माकडचेष्टांना टाळ्या पडू लागल्या आणि लेखकांनी त्याच चेष्टा वाढवत नेल्या. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांनी उघडपणे विरोध केला. वडिलांची भूमिका करणारे जॉन अमोस संहितांवरून भांडत राहिले, तेव्हा 1976 मध्ये त्यांचं पात्र मारून टाकण्यात आलं. कुटुंब काळं, नट काळे, पण शेवटचा शब्द ज्यांचा होता ते बहुतेक गोरे. रोल आणि अमोस यांची लढाई आपल्या पोरांना घराघरांत काय दिसणार, याची होती. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1977 मध्ये, ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखवली गेली. आफ्रिकेतून पळवून आणलेला कुंटा किंटे मालकाने दिलेलं नाव घ्यायला नकार देतो आणि त्यासाठी फटके खातो, हे कोट्यवधी अमेरिकनांनी पाहिलं. ते काम लेव्हर बर्टन नावाच्या जेमतेम विशीला टेकलेल्या विद्यार्थ्याने केलं होतं.

मग उलट बाजूचा प्रश्न आला. ‘द कॉस्बी शो’ (1984) मधले वडील डॉक्टर आणि आई वकील. संहिता वाचायला अल्विन पूसां हे मानसोपचारतज्ज्ञ नेमलेले, म्हणजे एकही थिल्लर विनोद सुटणार नाही. आता टीका अशी झाली की हे कुटुंब पुरेसं काळंच नाही! ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ने 1993 च्या एका भागात हा टोमणा थेट कथेत घेतला. कार्लटन हा श्रीमंत घरातला, नीटनेटका, जरा पढतमूर्ख वाटणारा मुलगा. काळ्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळात त्याला जागा नाकारली जाते, कारण तो त्यांच्या मते अस्सल काळा नाही. कार्लटन उलट सुनावतो: मी काळा होण्याची परीक्षा द्यायला आलेलो नाही, तो मी आहेच. या प्रसंगाचं मोल मोठं आहे. बाहेरचा समाज एक साचा बनवतो आणि पुढे आतले लोकही त्याच साच्याने एकमेकांना मोजू लागतात, हे त्याने विनोदी मालिकेच्या वीस-बावीस मिनिटांच्या भागात दाखवलं.

2020 मध्ये ‘द सिम्पसन्स’च्या निर्मात्यांनी जाहीर केलं की गोऱ्या कलाकारांकडून इतर वंशांच्या पात्रांचे आवाज यापुढे घेणार नाही. त्या निर्णयाच्या मुळाशी एक भारतीय पात्र होतं. किराणा दुकानदार अपू, ज्याचे हेल काढून बोललेले संवाद हँक अझारिया हा गोरा नट तीन दशकं म्हणत होता. अमेरिकेत शाळेत गेलेल्या कितीतरी भारतीय मुलांना त्या हेलावरून चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू याने 2017 मध्ये त्यावर माहितीपटच केला. अपू पाहून ज्याला टोचलं, त्या मराठी प्रेक्षकाला आपल्या मालिकेतला गरजणारा सिद्दी पाहून मुरूडच्या किंवा सुरतेच्या सिद्दी मुलाला काय वाटत असेल हे कळणं अवघड नाही.

मराठी माणसाने अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नातं फार लवकर जोडलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. इतकी दूरची नजर असलेल्या समाजाने घराशेजारच्या आफ्रिकी वंशाच्या माणसाकडे इतकं कमी पाहावं, ही खंत वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

हा माणूस आज कुठे आहे? गीरजवळच्या जांबूरमध्ये आहे. तिथल्या हिरबाई लोबींना महिलांच्या बचतीच्या आणि शिक्षणाच्या कामासाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्याभोवती आहे. हा संत हबशी व्यापारी होता आणि अकीकाच्या धंद्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तिथे मलुंगा हे धनुष्यासारखं एकतारी वाद्य आणि मुगरमान हा उभा ढोल वाजतो, तेव्हा ती उपासना असते. दूरचित्रवाणीवर यातलं येतं ते फक्त धमाल नृत्य, आणि त्यातही हवेत उडवून डोक्यावर फोडलेला नारळ. सरकारी कागदावर तर ओळख जिल्ह्यागणिक बदलते. गुजरातेत सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे तो सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरता. सुरतेचा सिद्दी त्या यादीत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दींना तो 2003 मध्ये मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना 2020 मध्ये. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार.

आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, खानापूरच्या रानातले हे सिद्दी घरात काय बोलतात? त्यांच्यातल्या अनेकांची बोली कोकणी आहे, मराठी आणि कन्नड मिसळलेली. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेले गुलाम पळून घाटावरच्या जंगलात शिरले, त्यांच्याबरोबर ही बोली आली. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. बेळगावच्या मराठी माणसाला त्यांचं बोलणं बऱ्यापैकी समजेल. पडद्यावरच्या कोणत्याही सिद्दीच्या तोंडी ही बोली घातली तर ते पात्र एका क्षणात जमिनीवर येईल. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (2013) मध्ये जब्याच्या घरात कैकाडी बोलू दिली, आणि ते कुटुंब कुठल्या मातीतलं आहे हे सांगायला वेगळा संवाद लागला नाही. जब्या झालेला सोमनाथ अवघडे गावातून उचललेला मुलगा होता. मराठी पडद्याला ही वाट ठाऊक आहे. सिद्दीसाठी ती अजून फारशी वापरलेली नाही.

शेजाऱ्यांनी वापरली. जयन चेरियन यांचा ‘रिदम ऑफ दम्माम’ 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी वस्तीतली कथा, सिद्दी कलाकार, त्यांचीच कोकणी, आणि गुलामीची आठवण पिढ्यानुपिढ्या अंगात कशी उरते हा विषय. कन्नड चित्रपटांत प्रशांत सिद्दी हे नाव ‘परमात्मा’ (2011) पासून ओळखीचं आहे. रंगभूमीवर गिरिजा सिद्दी आहेत. हे दोघे अचानक उगवले नाहीत. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेने 1980 च्या दशकात यल्लापूर तालुक्यातल्या मंचिकेरी भागात सिद्दींना घेऊन नाटक बसवलं. नाटक निवडलं ते नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीवरचं; दिग्दर्शक चिदंबरराव जंबे. ज्यांना कोणी रंगमंचावर उभं केलं नव्हतं त्या लाकूडतोड्या, शेतमजूर सिद्दींनी आफ्रिकेतल्या एका गावाची पडझड कन्नडमध्ये उभी केली. तिथून त्या भागात नाटकाची सवय लागली, मुलं नीनासममध्ये शिकायला गेली आणि नट होऊन बाहेर पडली.

कोल्हापूरच्या चित्रनगरीत किंवा मुंबईच्या गोरेगावात पुढच्या ऐतिहासिक मालिकेची तयारी होईल तेव्हा निर्मात्याला फार लांब जावं लागणार नाही. बेळगावहून हल्याळला पोचायला दोन तासही लागत नाहीत, आणि मराठीच्या सख्ख्या शेजारची बोली बोलणारे, रंगमंचाची सवय असलेले कलाकार त्या मुलखात आहेत. त्यांना जौहर द्या, मसूद द्या. जंजिऱ्याचा क्रूर किल्लेदारही द्यायला हरकत नाही, कारण उत्तम नटाला उत्तम खलनायक हवाच असतो. पण त्याचबरोबर सिद्दी हिलाल आणि वाहवाह यांनाही घ्या. आपल्याच रक्ताच्या सरदाराविरुद्ध शिवाजी महाराजांसाठी तलवार उपसणारा बाप, पन्हाळ्याखाली जखमी होऊन पडलेला आणि शत्रूच्या हाती लागलेला मुलगा, आणि त्याला तिथून सोडवता न येणारं ते सैन्य. एवढ्या ऐवजावर एक अख्खी मालिका उभी राहू शकते.